कुलूप शाबूत, कोयंडा जमिनीवर : सुट्टीत बंद घर राखणाऱ्या वस्तूंचं परीक्षण

भाऊबीज झाली की कोल्हापुरातली घरं बंद व्हायला लागतात. कुणी गावाकडं जातं, कुणी मालवण-गणपतीपुळ्याला, कुणी गोव्याला. मे महिन्यात पुन्हा तेच. या दोन्ही हंगामांत वर्तमानपत्रातलं एक वाक्य ठरलेलं असतं : 'बंद घराचा कडीकोयंडा उचकटून'. हे वाक्य नीट वाचावं. कुलूप बहुधा जसंच्या तसं बंद सापडतं आणि कोयंडा, म्हणजे कडी अडकवून कुलूप घालायचा चौकटीवरचा भाग, चार स्क्रूंसकट उपसून निघालेला असतो. तरीही सुट्टी जवळ आली की लोक दुकानात जाऊन मोठं कुलूपच मागतात. म्हणून या परीक्षणात कुलपापेक्षा कोयंड्याला जास्त जागा दिली आहे.

बाजारात तयार मिळणारा कडी-कोयंडा बहुतेक दीड-दोन मिमी जाडीच्या दाबलेल्या पत्र्याचा असतो. वर पितळी किंवा काळा मुलामा असतो आणि पाकिटात पाऊण इंची स्क्रू असतात. पत्रा एकवेळ टिकेल, पण हे स्क्रू टिकत नाहीत. अर्ध्या मीटरच्या कटावणीचं टोक पट्टीखाली अडीच सेंटीमीटर शिरलं की हाताचा जोर वीसपट होतो. तीस किलोचा रेटा दिला तर स्क्रूंवर सहाशे किलोची ओढ बसते. पाऊण इंची स्क्रू फ्लश डोअरच्या आत दोन सेंटीमीटरही गेलेला नसतो, आणि फ्लश डोअरचं पोट भरीव सागवानाचं नसतं. प्लायच्या पातळ थराखाली लाकडाच्या जोडपट्ट्या असतात, स्वस्त दारात तर भुसाच. लाकूड फाटतं आणि स्क्रू न वाकता बाहेर येतो. हजार रुपयांचं कुलूप त्याच कोयंड्यात अडकलेलं राहतं.

यावर सगळ्यात चांगली वस्तू कुठल्याही कंपनीच्या खोक्यात मिळत नाही, ती उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घ्यावी लागते. ओतकाम आणि लेथची कामं करणाऱ्या या शहराला एवढा फायदा तरी व्हायलाच हवा. फॅब्रिकेटरला 5 मिमी जाडीची, 40 मिमी रुंद लोखंडी पट्टी घ्यायला सांगा. कडीच्या आणि कोयंड्याच्या पट्टीला मागच्या बाजूनं 8 मिमीचे बोल्ट वेल्ड करून घ्या, कडीला तीन आणि कोयंड्याला किमान दोन. दुकानाच्या भाषेत हे अडीच सुती बोल्ट. दाराला तेवढीच भोकं पाडून बोल्ट आरपार काढायचे, आतून 3 मिमीची दुसरी पट्टी बसवायची, त्यावर वॉशर आणि नट. बाहेरून एकही स्क्रूचं डोकं दिसत नाही. आता कटावणी लावली तर नुसता स्क्रू उपसून भागत नाही, आतली अख्खी पट्टी दाराच्या जाडीतून ओढून काढावी लागते. दार 30-32 मिमीचं असेल तर 50 मिमी लांबीचे बोल्ट पुरतात, 35 मिमी किंवा त्याहून जाड असेल तर 60 मिमीचे घ्या. वाढलेलं टोक डोमनटापुरतं ठेवून कापा आणि वर डोमनट, म्हणजे टोपीसारखा बंद नट, लावा, नाहीतर आतून जाता-येता हात कापतो.

दोन गोष्टी फॅब्रिकेटरकडून नेहमी राहून जातात. पहिली, वेल्डिंगनंतर रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात उघडी पट्टी एका हंगामात गंजते आणि कडी वर-खाली होईनाशी होते. दुसरी, कोयंड्याच्या भोकाचं माप. भोक कुलपाच्या दांडीपेक्षा दीड-दोन मिमीच मोठं असावं. सैल भोकात कटावणीचं टोक शिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आधी कुलूप घ्या आणि ते सोबत घेऊन उद्यमनगरात जा.

चौकटीकडचं काम जास्त अवघड आहे, आणि पहिला घाव तिथंच बसतो. लाकडी चौकट असेल तर कोयंड्याचे बोल्ट चौकटीतूनही आरपार काढता येतात, त्याला पाच-सहा इंची बोल्ट लागतात. ते जमत नसेल तर तीन इंची स्क्रू वापरा, आधी बारीक ड्रिलनं वाट करून. सरळ ठोकलेला स्क्रू म्हणजे खिळाच, त्याची पकड राहत नाही. नव्या इमारतींतल्या ग्रॅनाइटच्या चौकटीला लोक फसतात. ते ग्रॅनाइट म्हणजे भिंतीवर चिकटवलेली जेमतेम 18-20 मिमीची लादी. तिच्यातच संपणारा फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट, बसवला तर एका हिसक्यात लादीचा तुकडा निघतो. फास्टनर लादीतून पुढं मागच्या काँक्रीटमध्ये किंवा विटेत किमान दोन इंच गेला पाहिजे आणि कडेपासूनही दोन इंच आत असला पाहिजे. कडेला लावला तर घट्ट करतानाच कड फुटते.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांची साखळीची कडी आणि वर चौकटीत बसवलेला कोयंडा पाहून ठेवा. त्या कोयंड्याचे दोन्ही पाय लाकडातून आरपार काढून मागच्या बाजूला वळवून ठोकलेले असतात. जुन्या लोहारानं आणि सुतारानं हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. घर रंगवताना 'जुनाट दिसतं' म्हणून तो कोयंडा काढून चकचकीत पत्र्याची कडी लावणं ही चूक आहे. दोन झडपांच्या दाराला मात्र एक पथ्य पाळावं लागतं. निघण्यापूर्वी एका झडपेची वरची आणि खालची, दोन्ही खिटी पूर्ण बसवायची. नुसती वरची लावली तर खालून रेटा दिल्यावर दोन्ही झडपा फाकतात आणि कडी आपोआप सैल पडते. आडणा, म्हणजे दारामागं आडवा घालायचा दांडा, असलेलं दार आतून बंद करून दुसऱ्या दारानं बाहेर पडता येत असेल, तर त्या आडण्याइतकं भक्कम बाजारात काही नाही.

कुलूप आणि लॅच

कुलूप घेताना लोक लिव्हरची, म्हणजे किल्लीनं उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्यांची, संख्या विचारतात. सहा, सात, आठ लिव्हर म्हणजे दुसऱ्या किल्लीनं उघडणं तेवढं कठीण, हे खरं आहे. पण कडी-कोयंडा उचकटणाऱ्याला किल्लीशी घेणं-देणं नसतं. त्याला दांडी कापायची असते किंवा पिळायची असते. तेव्हा दांडीवर कठीण केल्याचा, म्हणजे हार्डन्ड असल्याचा शिक्का पाहा, जाडी किमान 10 मिमी घ्या आणि दांडी जेवढी आखूड तेवढी चांगली. लांब दांडीत पहार घालून पिळायला जागा मिळते. दांडी दोन्ही बाजूंनी अडकणारी असावी. एकाच बाजूला अडकणारं कुलूप हातोडीच्या फटक्यानं सुटू शकतं. गोदरेजचं नवताल किंवा त्या तोडीचं पितळी बॉडीचं 65 मिमीचं कुलूप घरासाठी पुरेसं आहे. गोल, चकतीसारखं कुलूप शटरला छान, पण घराच्या साध्या कडीत ते नीट बसत नाही आणि मग लोक कडीचं भोक कानशीनं मोठं करतात.

कुलपात खोबरेल तेल घालू नका. तेलाला धूळ चिकटते, थंडीत ते गोठतं आणि लिव्हर आत अडकतात. मग दहा दिवसांनी परत आल्यावर किल्ली फिरत नाही आणि स्वतःच्याच घराचं कुलूप फोडावं लागतं. ग्रॅफाइटची पूड घाला. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिलीचं शिसं घासून किल्लीवर लावा आणि किल्ली पाच-सहा वेळा फिरवा.

फ्लॅटला मात्र बाहेर कुलूप लटकवण्यापेक्षा लॅच चांगलं. लटकणारं कुलूप जिन्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला घर रिकामं असल्याचं सांगतं. दार घरचा माणूस असतानाही जसं दिसतं तसंच दिसायला हवं. पण लॅच म्हणून ओढलं की लागणारं तिरक्या जिभेचं साधं नाइट लॅच लावून जात असाल तर ते धोक्याचं आहे. ती जीभ स्प्रिंगवर असते, चौकटीची फट मोठी असेल तर पातळ पत्र्यानं मागं सरकते. चौकोनी बोल्ट किल्लीच्या दोन फेऱ्यांनी बाहेर येणारं लॅच घ्या. तीन बोल्टचं लॅच मॉडेलप्रमाणे अडीच ते साडेचार हजारांत मिळतं आणि त्याचे पैसे वसूल होतात. अट एकच : बोल्ट ज्या खोबणीत जातात ती चौकटीवरची पट्टी खोक्यातल्या छोट्या स्क्रूंनी बसवू देऊ नका. सुताराला तिथंही तीन इंची स्क्रू लावायला सांगा. इथं काटकसर केली की साडेचार हजारांचं लॅच पुन्हा पाऊण इंची स्क्रूच्या भरवशावर येतं.

बोटाच्या ठशावर चालणारी डिजिटल लॉक आता राजारामपुरी, ताराबाई पार्कातल्या फ्लॅटांत दिसतात. रोजच्या वापराला ती सोयीची आहेत. लांबच्या सुट्टीत ज्यादा सुरक्षा मिळते असं वाटत नाही, कारण आत सरकणारा बोल्ट तोच आणि चौकटीची पट्टीही तीच. निघण्यापूर्वी सेल बदला आणि कामवाल्या मावशींना, इलेक्ट्रिशियनला दिलेले जुने आकडे काढून टाका.

आणखी एक गोष्ट जवळजवळ फुकट होते आणि अख्ख्या मजल्याला उपयोगी पडते. चोर बऱ्याचदा आधी शेजाऱ्यांच्या दाराला बाहेरून कडी घालतात, म्हणजे आवाज झाला तरी कुणाला बाहेर येता येत नाही. ज्या दाराला लॅच आहे त्याची बाहेरची कडी काढूनच टाका. काढायची नसेल तर ती उघड्या स्थितीत स्क्रूनं पक्की करा.

मागचं दार, गच्ची, खिडकी

पुढच्या दारावर पाच हजार खर्च झालेले असतात आणि गच्चीचं दार पत्र्याचं, आतून एका टॉवर बोल्टवर असतं. कळंबा, फुलेवाडीकडच्या बंगल्यांत आणि रो हाउसमध्ये हे दृश्य नेहमीचं. पत्रा वाकवून हात आत घालता आला की टॉवर बोल्ट सरकतो. गच्चीच्या दाराला आतून वर-खाली दोन बोल्ट आणि मध्ये आडवी लोखंडी पट्टी असावी. 40 बाय 6 ची पट्टी भिंतीत बसवलेल्या दोन खोबण्यांत टाकायची, म्हणजे आडणाच. खर्च हजाराच्या आत येतो. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरी बाहेर असते आणि तिची पिन वर ठोकून काढता येते. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा एक-एक ठिपका दिला की काम झालं.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची काच बंद असली तरी झडप वर उचलून रुळातून काढता येते. वरच्या रुळात, झडप बंद असताना तिच्या डोक्यावर येतील असे दोन स्क्रू लावा. झडप सरकते, पण उचलली जात नाही. ग्रील बाहेरून स्क्रूनं बसवलं असेल तर स्क्रूच्या खाचा वेल्ड करून बुजवा. 12 मिमीचा चौकोनी बार आणि दोन बारमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर, हे माप पाळा. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी लहान दिसते म्हणून लोक सोडून देतात. तिच्या पट्ट्या हातानं एकेक काढता येतात, तेव्हा तिथंही बार हवेत.

कॅमेरे, भोंगे, टायमर

वाय-फाय कॅमेरा दीड ते तीन हजारांत मिळतो. चोर अडवणं हे त्याचं काम नाही. वेळेत कळवणं आणि चेहरा टिपणं, या दोनच गोष्टींसाठी तो घ्या. दोन्ही गोष्टी बसवण्यावर अवलंबून आहेत. बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोपी आणि डोकं दिसतं. आठ ते नऊ फुटांवर, दारापासून थोडा बाजूला आणि येणाऱ्याच्या तोंडासमोर लावा. ग्रीलच्या आतून बाहेर रोखलेला कॅमेरा रात्री निकामी होतो, कारण त्याचा इन्फ्रारेड उजेड जवळच्या बारवरून परत येतो आणि चित्र पांढरं पडतं. कोळ्याच्या जाळ्यानंही हेच होतं, म्हणून निघायच्या दिवशी भिंग आणि आजूबाजूची जाळी पुसून घ्या.

दिवाळीत एक खास अडचण येते. दारातला आकाशकंदील वाऱ्यानं हलतो आणि रात्रभर मोबाइलवर 'हालचाल दिसली'च्या सूचना येत राहतात. दुसऱ्या दिवशी माणूस वैतागून सूचना बंद करतो आणि तिथून पुढं कॅमेरा असून नसल्यासारखाच. ॲपमध्ये हालचाल पाहण्याचा चौकोन फक्त दार आणि पायरीपुरता आखा, कंदील त्याच्या बाहेर ठेवा.

वीज गेली की राउटर बंद पडतो आणि घरातला कॅमेरा सुरू असला तरी सूचना येत नाही. राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारांत येतो. कॅमेऱ्याइतकीच ही खरेदी महत्त्वाची आहे. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, असेल तर तो टीव्हीखाली ठेवू नका. चोर जाताना तो काढून नेतो आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो. माळ्यावर, हवा लागेल अशा बंद कपाटात ठेवा. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदला. नवीन कॅमेरा घेताना एसटीक्यूसी, म्हणजे केंद्र सरकारच्या तपासणी यंत्रणेचं, प्रमाणपत्र आहे का विचारा.

दाराला चिकटवायचे चुंबकी भोंगे दोन-तीनशे रुपयांत मिळतात. आकाराच्या मानानं त्यांचा आवाज खरोखर मोठा आहे आणि शेजार असलेल्या फ्लॅटला ते उत्तम. बटण सेल मात्र नवे घाला, खोक्यातले सेल कधीपासून पडून आहेत कळत नाही. एकट्या बंगल्यात ऐकायलाच कुणी नसेल तर हे पैसे कोयंड्यावर खर्च करा.

काटे असलेला चोवीस तासांचा टायमर घेऊ नका. महावितरणची वीज दोन तास गेली की त्याचं घड्याळ दोन तास मागं पडतं. अशा दोन-चार खेपा झाल्या की दिवा मध्यरात्री लागतो आणि भर दुपारपर्यंत जळत राहतो, म्हणजे घर बंद असल्याची जाहिरातच. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा सेन्सरचा एलईडी बल्ब स्वस्त आहे, आणि वीज गेली-आली तरी चुकत नाही.

सोनं : कपाट, तिजोरी, लॉकर

लोखंडी कपाटातल्या लॉकरला तिजोरी समजू नका. त्याचा पत्रा पातळ असतो आणि किल्ली बहुतेक घरांत कपाटाच्या डोक्यावर किंवा गादीखाली सापडते. दहा-बारा किलोची डिजिटल तिजोरी नुसती कपाटात ठेवली तर चोराला उघडायचेही कष्ट नाहीत, तो ती उचलून नेतो. तळाला आणि पाठीला भोकं दिलेली असतात ती फास्टनरसाठी. चार 10 मिमी फास्टनरनी ती काँक्रीटच्या स्लॅबला किंवा भिंतीला आवळा. लाकडी फळीला आवळलेली तिजोरी फळीसकट जाते. सोबत आलेली आपत्कालीन किल्ली त्याच घरात ठेवू नका.

दागिन्यांसाठी बँकेचा लॉकरच सरस, पण नियम वाचून. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भाडं तीन हजार असेल तर कमाल तीन लाख, आतलं सोनं कितीही असो. पूर, भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत ही भरपाई लागू नाही. 2019 मध्ये व्हीनस कॉर्नरला पाणी पाहिलेल्या शहरात म्हणूनच लॉकर कुठल्या मजल्यावर आहे हे विचारायलाच हवं. लॉकरमध्ये रोकड ठेवता येत नाही. लॉकर उघडल्याचा एसएमएस त्याच दिवशी नोंदवलेल्या मोबाइलवर यायला हवा, येत नसेल तर नंबर दुरुस्त करून घ्या. दिवाळीला घोळ तारखांचा होतो. लक्ष्मीपूजनाला दागिने बाहेर काढले जातात, मग पाडवा आणि मध्येच रविवार येतो, बँक बंद असते आणि गाडीचं आरक्षण दुसऱ्या दिवशीचं असतं. दागिने घरात राहतात. प्रवासाची तारीख बँकेच्या कामाच्या दिवसानंतरची ठेवा, किंवा पूजेला एखादाच दागिना काढा.

पोलिसांना कळवून जाण्याची सोय विनाशुल्क आहे आणि तरीही तिचा वापर कमी होतो. आपल्या हद्दीचं ठाणं कुठलं ते आधी पाहा. जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, करवीर यांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत. पत्ता, बंद राहण्याचे दिवस, घरात लावून ठेवलेला दिवा कुठला आणि किल्ली असलेल्या शेजाऱ्याचा मोबाइल एका कागदावर लिहून द्या. गस्तीचा माणूस प्रत्येक घराशी थांबेल अशी अपेक्षा धरू नका. पण लागू नये तो दिवा लागलेला दिसला तर नेमका फोन कुणाला करायचा, हे त्यांच्याकडं असतं. दूध आणि वर्तमानपत्र बंद करा. दारातली रांगोळी पुसट होऊ लागली की शेजारच्या काकूंना एकदा झाडून नवी काढायला सांगा. किल्ली असलेल्या माणसानं दिवसाआड आत जाऊन खिडकीचा पडदा बदलून ठेवला, तर ते कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त कामाला येतं.

परत आल्यावर कडी वाकडी दिसली तर आत जाऊ नका, माणूस अजून घरात असू शकतो. 112 ला फोन करा. कपाटाच्या मुठी, सांडलेले डबे, तुटका कोयंडा कशालाही हात लावू नका, ठसेतज्ज्ञांचं काम तिथूनच सुरू होतं. दागिन्यांची यादी वजनासकट लागते, म्हणून गुजरीतल्या सराफाच्या पावत्यांचे आणि दागिन्यांचे फोटो आधीच दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर ठेवलेले असावेत. गुन्हा नोंदवल्याची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. घराचा विमा असेल तर तिच्याशिवाय दावा पुढं सरकत नाही. डीव्हीआरचं चित्रण जुनं पुसत नवं साठवत असतं, तेव्हा तेवढा भाग लगेच वेगळा काढा आणि यंत्रातलं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढं किंवा मागं आहे ते कागदावर लिहून तपास अधिकाऱ्याला द्या. रस्त्यावरच्या दुसऱ्या कॅमेऱ्यांत तोच माणूस शोधताना त्या मिनिटांचीच गरज पडते.